ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर: आधी वजनकाटा, मग दुकान

२०२१ साली अमेरिकेत सहा लाखांहून जास्त आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर, कारखान्यांतून बाहेर पडल्या. तो विक्रम होता. विमान नको, हॉटेल नको म्हणत आपल्या मंडळींपैकीही अनेकांनी त्या सुमारास ट्रॅव्हल ट्रेलर घेतले, कुणी नवे, कुणी सेकंडहँड. त्यातले बरेचसे अजून मूळच्याच टायरवर उभे आहेत. वर्षातून दोन-तीनदा जवळच्या स्टेट पार्कला जायचं, बाकीचे महिने स्टोरेजच्या उन्हात. टायरच्या खाचा खोल आणि कोऱ्या दिसतात, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग मुलांच्या सुट्टीत डॅलसहून यलोस्टोनचा बेत ठरतो. जाऊन-येऊन तीन हजार मैलांच्या आसपास, तेही जुलैत.

गाडीचा टायर झिजून गोटा होतो आणि आपण तो बदलतो. ट्रेलरच्या टायरवर ही वेळ सहसा येतच नाही. वजन, उष्णता आणि वय या तीन गोष्टी त्याला त्याआधीच आतून खातात. बाहेरून चकचकीत आणि आत पट्टे सुटलेले, म्हणजे वरून कीर्तन आणि आतून तमाशा. महामार्गावर असा टायर फुटला की नुसती हवा जात नाही. सुटलेली रबराची पट्टी चाबकासारखी फिरते आणि फेंडर, खालची वायरिंग, क्वचित गॅसची नळीसुद्धा उखडून टाकते. टायर दोनशे डॉलरचा आणि दुरुस्ती हजारांत, असा तो व्यवहार होतो.

टायर निवडायला निघायच्या तीन-चार आठवडे आधी बसा. मधे एक छोटी चाचणी फेरी व्हायला हवी, शिवाय हवा तो साइज दुकानात तयार मिळेलच असं नाही.

जुने टायर काय सांगतात ते आधी बघा

जुने टायर काढून टाकायचेच असले तरी त्यांची झीज नीट बघून घ्या. ट्रेलरला काही दुखणं असेल तर ते तिथे दिसतं. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी पडत होती. मधला भाग झिजला असेल तर जास्त होती. एकाच चाकाची आतली कड खाल्ली गेली असेल तर ॲक्सल वाकलाय किंवा अलाइनमेंट गेलंय, आणि ॲक्सल वाकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जास्तीचा भार. ठिकठिकाणी वाटीसारखे खड्डे पडले असतील तर बॅलन्सिंग, बेअरिंग किंवा स्प्रिंगमध्ये गडबड आहे. हे दुरुस्त न करता नवे टायर घातले तर नव्यांचेही तेच हाल होतील.

वय कळण्यासाठी टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधा. त्याचे शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. पूर्ण क्रमांक बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. अशा वेळी ट्रेलरखाली पाठीवर सरकायचं, फोन चाकामागे धरायचा आणि फ्लॅश लावून फोटो काढायचा. चार चाकं आणि स्टेपनी, पाचही फोटो काढा. स्टेपनीचं वय सगळेच विसरतात.

किती जुना म्हणजे जुना? माझा हिशेब असा: तीन वर्षांनंतर दर हंगामाआधी बारीक तपासणी, आणि पाच वर्षांनंतर लांबच्या प्रवासाला तो टायर न्यायचाच नाही, खाचा कितीही कोऱ्या असोत. टेक्सस किंवा ॲरिझोनाच्या उन्हात उघड्यावर उभा असलेला ट्रेलर असेल तर त्याहूनही लवकर.

वजनकाट्यावर

निवडीतलं खरं काम इथे आहे, आणि लोक हेच टाळतात. ट्रेलरवर चिकटवलेल्या स्टिकरवर कमाल वजन असतं. ब्रोशरमध्ये रिकाम्या ट्रेलरचं वजन असतं. तुमचा ट्रेलर सामानासकट प्रत्यक्षात किती भरतो हे दोन्हींतून कळत नाही.

प्रवासाला निघताना भरतो तसा ट्रेलर भरा. कपडे, खुर्च्या, सायकली, गॅसचे सिलिंडर, ताज्या पाण्याची टाकी. पाणी गॅलनमागे ८.३ पौंड भरतं, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरून नेली की सव्वातीनशे पौंडांच्या वर गेलं. मग आपलं खास सामान: कुकर, बिडाचा तवा, डाळ-तांदूळ, कणकेची वीस पौंडी पिशवी, आणि कुणीतरी हमखास घेतलेला पूर्ण आकाराचा कॅरम बोर्ड. असं सगळं भरून, घरची माणसं गाडीत बसवून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जा. हे काटे मोठ्या ट्रकसाठी असले तरी आपल्यालाही खुले असतात.

काट्यावर एकामागे एक प्लॅटफॉर्म असतात. गाडीची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर येतील अशी गाडी उभी करायची. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार सगळ्या चाकांवर वाटणारी, बार असलेली जोडणी) वापरत असाल तर ती लावलेलीच असू द्या, कारण रस्त्यावर तसेच जाणार आहात. पावतीवर तीन आकडे येतात. टायरच्या हिशेबाला तिसरा लागतो: ट्रेलरच्या ॲक्सलवर प्रत्यक्ष पडणारा भार. हिचच्या गोळ्यावर येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. तो मोजायला बार सोडून आणखी एक फेरी करावी लागते आणि मग ट्रेलर बाजूला लावून नुसती गाडी पुन्हा काट्यावर न्यावी लागते. गेलाच आहात तर तेही उरकून घ्या.

आता एक ट्रेलर उदाहरणादाखल घेऊ. २०१६ चा, सेकंडहँड, दोन ॲक्सलचा. प्रत्येक ॲक्सलची क्षमता ३,५०० पौंड. टायर एसटी २०५/७५ आर १४, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद आणि १४ इंची रिमचा. लोड रेंज, म्हणजे भार पेलायची श्रेणी, सी; डी आणि ई त्याच्या वरच्या. अशा टायरवर ‘कमाल भार १,७६० पौंड, हवा ५० पीएसआय’ असं लिहिलेलं असतं. दोन टायर मिळून ३,५२० आणि ॲक्सल ३,५०० चा. मधली फट वीस पौंडांची, म्हणजे ती एक कणकेची पिशवी. कागदावर सगळं नियमात बसतं. पुढे २०१७ पासून आरव्ही इंडस्ट्री असोसिएशनने आपल्या सदस्य कंपन्यांसाठी ओढायच्या आरव्हींच्या टायरमध्ये किमान १० टक्के जादा क्षमता ठेवण्याचा दंडक घातला. त्याआधीचा ट्रेलर असेल तर ही फट तुमची तुम्हीच मोजून बघा.

समजा काट्यावर तिसरा आकडा ६,६०० आला. चार टायरांत भागला की प्रत्येकी १,६५०. १,७६० च्या आत, ठीक. पण भार चौघांवर सारखा पडत नाही. फ्रिज, ओटा, स्लाइड-आउट (भिंतीतून बाहेर सरकणारा भाग) बहुधा एकाच बाजूला असतात. प्रत्येक चाकाचं वेगळं वजन करून मिळालं तर उत्तम. एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबची टेक्ससमधल्या लिव्हिंगस्टनला तशी सोय आहे. नाहीतर मी जड बाजूला ५५ टक्के धरतो. ६,६०० चे ५५ टक्के ३,६३०, म्हणजे त्या बाजूच्या प्रत्येक टायरवर १,८१५. सरासरीत बिनधोक वाटणारा टायर क्षमतेपेक्षा ५५ पौंड जास्त वाहतोय. मागची काही वर्षं असंच चाललं असेल तर आत काय झालं असेल याचा अंदाज करा.

मग किती क्षमतेचा टायर?

सर्वांत जड चाकावरचा भार घ्या आणि त्यावर १५ ते २० टक्के वाढवा. जुलैच्या टेक्ससमधून जायचं असेल तर मी वीसकडे झुकतो. १,८१५ वर १५ टक्के म्हणजे साधारण २,०९०, आणि २० टक्के म्हणजे २,१८०. एवढ्याला पुरेल असा टायर आता शोधायचा.

त्याच साइजमध्ये लोड रेंज डी घेतला तर ६५ पीएसआयला २,०४० पौंड मिळतात, म्हणजे फक्त १२ टक्के जादा. चालून जाईल, पण समाधान नाही. एसटी २१५/७५ आर १४ लोड रेंज डी २,२०० पौंडांचा मिळतो. रुंदी दहा मिलिमीटरने वाढते आणि व्यास अर्ध्या इंचाहून थोडा जास्त. तिसरा मार्ग पंधरा इंची रिमचा: एसटी २०५/७५ आर १५ लोड रेंज डी, २,१५० पौंड. त्यात पाच रिमांचा खर्च वाढतो आणि व्यास एक इंचाने.

टायर मोठा करताना टेप घेऊन ट्रेलरखाली जा. पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये किती अंतर आहे, वर चाकाच्या कोनाड्यात किती जागा आहे ते मोजा. स्प्रिंग दबली की चाक दोन-तीन इंच वर येतं आणि गरम टायर थोडा फुगतोही. घासण्याची शंका असेल तर मूळ साइजमध्येच वरचा लोड रेंज घ्या. रुंदी वाढवली असेल तर नवा टायर तुमच्या रिमच्या रुंदीवर बसतो का, तेही उत्पादकाच्या तक्त्यात बघा.

रिमलाही तिची क्षमता असते. आतल्या बाजूला कमाल भार आणि बहुतेक वेळा कमाल हवा कोरलेली असते. ५० पीएसआयच्या रिमवर ६५ चा टायर चढवून काही साधत नाही, कारण ६५ भरताच येणार नाही आणि ६५ न भरता वरच्या रेंजचा फायदा मिळत नाही. आणखी एक भ्रम: टायर २,२०० चे घातले म्हणून ट्रेलर जास्त भरता येत नाही. ॲक्सल ३,५०० चा तो ३,५०० चाच राहतो.

कोणत्या जातीचा, कोणत्या वेगाचा

साइजआधीची एसटी ही अक्षरं खास ट्रेलरच्या टायरची. त्यांच्या भिंती ताठ असतात. दोन ॲक्सलचा ट्रेलर कॅम्पग्राउंडमध्ये काटकोनात वळवताना मागे उतरून एकदा बघा: पुढचं चाक एका दिशेला, मागचं दुसऱ्या दिशेला ओढलं जातं आणि टायर रिमखाली अक्षरशः पिळवटतो. ही पिळवणूकच आतले पट्टे सुटे करते. साध्या कारचे, म्हणजे पी अक्षराचे टायर यासाठी नसतात. घातलेच तर लिहिलेल्या क्षमतेला १.१० ने भागावं लागतं. एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचे टायर जड फिफ्थ व्हीलवाले (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायच्या मोठ्या ट्रेलरचे मालक) सोळा इंचांत वापरतात. चौदा-पंधरा इंचांच्या ट्रॅव्हल ट्रेलरला एसटी रेडियलच घ्या. बायस प्लाय, म्हणजे आतले थर तिरके असलेला जुन्या पद्धतीचा टायर, फक्त गावातल्या गावात माल ओढायला.

वेगाकडे दुर्लक्ष नको. ज्या एसटी टायरवर वेगाचं अक्षर नाही, त्याची मर्यादा ताशी ६५ मैल समजायची. अक्षर असेल तर एल म्हणजे ७५, एम म्हणजे ८१, एन म्हणजे ८७. अक्षर एन असलं म्हणून ८५ ने ट्रेलर ओढायचा परवाना मिळत नाही. वेगाबरोबर उष्णता वाढते, आणि वरचं अक्षर म्हणजे उष्णता सोसायची थोडी जास्त ताकद, एवढंच. टेक्सस आणि वायोमिंगमध्ये ७५-८० च्या पाट्या दिसतील. ट्रेलर मागे असताना ६२-६५ वर उजव्या लेनमध्ये राहायचं. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच ५५ आहे.

ब्रँडवरून आपल्याकडे वाद फार. गुडइयरचा एन्ड्युरन्स २०१७ मध्ये आला, अमेरिकेत बनतो, एन अक्षराचा आहे, आणि टायरचा विषय निघाला की बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. मॅक्सिसचा एम ८००८ आणि कार्लाइलचा रेडियल ट्रेल एचडी हेही जुनेजाणते. कारखान्यातून आलेल्या स्वस्त टायरना इथले आरव्हीवाले सरसकट ‘चायना बॉम्ब’ म्हणतात. त्यात तथ्य नाही असं नाही, पण १,८१५ पौंड वाहणारा १,७६० चा टायर कुठल्याही देशात बनला असता तरी फुटला असता. म्हणून हिशेबाने क्षमता आधी ठरवा, मग खिशाप्रमाणे ब्रँड. उलटं करू नका.

दुकानात

फोनवर साइज, लोड रेंज आणि पाच नग सांगून ठेवा. पाच म्हणतोय, चार नाही. नव्या टायरबरोबर सहा वर्षांची स्टेपनी न्यायची असेल तर ती नेली काय आणि न नेली काय सारखंच. पुष्कळ दुकानांत ट्रेलर आत घेता येत नाही. चाकं काढून न्यावी लागतात का, हे त्याच फोनमध्ये विचारून घ्या. घरी चाकं काढणार असाल तर ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढेमागे उटी लावा, आणि जॅक फ्रेमखाली लावा. ॲक्सलच्या नळीखाली लावला तर नळी वाकू शकते.

टायर रिमवर चढवायच्या आधी पाचही टायरची तारीख स्वतः वाचा. ट्रेलरच्या टायरना गाडीच्या टायरइतका उठाव नसतो, त्यामुळे गोदामात वर्ष-दीड वर्ष पडलेला नग ‘नवा’ म्हणून पुढे येतो. सहा महिन्यांच्या आतला मागा. वर्षाच्या आतला असला तर घासाघीस करून घ्या. त्याहून जुना परत करा. काउंटरवरचा माणूस तोंड वाकडं करेल, करू द्या.

व्हॉल्व्हही बदलून घ्या. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. ८० च्या लोड रेंज ई टायरला तो चालत नाही. ६५ लाही मी धातूचे बोल्टवाले व्हॉल्व्हच बसवतो, कारण त्यावर टीपीएमएसचा (टायरचा दाब आणि तापमान गाडीत दाखवणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर चढवला की रबरी देठ वेगात हलत राहतो आणि बुडाशी चिरतो. बॅलन्सिंग करून घ्या. ट्रेलरला लागत नाही असं सांगणारे भेटतील, पण कपाटातली ताटं-वाट्या आणि ट्रेलरचे स्क्रू वेगळं सांगतात. टायरचे क्रमांक कंपनीकडे नोंदवायचं कार्ड मिळतं, ते भरून टाका. टायर परत बोलावले गेले तर पत्र तुमच्याच घरी येईल.

नट शेवटी टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. आकडा मॅन्युअलमधला, अर्ध्या इंची स्टडला तो बहुधा ९० ते १२० फूट-पौंडांच्या मधे असतो. इम्पॅक्ट गनने घर्र करून सोडून दिलेलं चालणार नाही. त्यानंतर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासायचे. चाचणी फेरी त्यासाठीच. ५० मैलांची एक दुपार काढा आणि तीन वेळा खाली उतरा.

हवा

लोड रेंज बदलला की ट्रेलरवरच्या स्टिकरचा हवेचा आकडा तुमच्या नव्या टायरला लागू राहत नाही. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला टायरच्या भिंतीवर लिहिलेली कमाल हवा थंड असताना भरणं हा सरधोपट आणि बरोबर मार्ग आहे, फक्त रिमची मर्यादा ओलांडायची नाही. टायर ताठ राहतो, वळताना कमी पिळवटतो. थंड म्हणजे किमान तीन तास न चाललेला आणि ऊन न लागलेला. म्हणून हे काम पहाटेचं. रस्त्यावर टायर तापून हवा वाढते, ती वाढायलाच हवी. गरम टायरमधून हवा सोडू नका.

पेट्रोल पंपावरच्या मशीनची हवा ६५-८० पर्यंत जाईलच असा भरवसा नाही. तेवढा दाब देणारा छोटा कंप्रेसर आणि चांगला गेज सोबत ठेवा.

डॅलस-यलोस्टोनच्या वाटेवर एक गंमत होते. डॅलसला ८० अंश फॅरनहाइटच्या पहाटे ६५ भरून निघालात, अमारिलो मागे टाकून ७,८३४ फुटांच्या रॅटन घाटातून कोलोरॅडोत शिरलात, मग वायोमिंग, कोडी, आणि फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात, पावणेआठ हजार फुटांच्या आसपास, मुक्काम केलात. पहाटे थंडी ४० अंश. गेज ६२-६३ दाखवतो. टायर गळत नाहीये. थंडीने जवळपास सहा पीएसआय घेतले आणि उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने साडेतीनच्या आसपास गेजने परत दाखवले. तिथे ६५ करून घ्या. खाली आल्यावर पहाटे ६७-६८ दिसेल, तेव्हा थंड असतानाच उतरवा.

वाटेत

टीपीएमएसचा आकडा एकटा वाचू नका, चौघांची तुलना करा. उन्हाच्या बाजूचे दोन टायर थोडे गरम असणारच. पण एकाच बाजूच्या दोघांपैकी एक वेगळाच तापत असेल तर तो टायर, त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक यांपैकी काहीतरी बिघडतंय. दर दीड-दोन तासांनी थांबाल तेव्हा हाताच्या थर्मामीटरने हबही बघा.

गाडीतला पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, आणि स्टेपनी खाली येते का, हे घरच्या ड्राइव्हवेवरच करून बघा. मागे टांगलेल्या स्टेपनीचा गंजलेला बोल्ट रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या वाऱ्यात सुटत नाही.

सगळं करूनही एखादा टायर गेलाच तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि मग कडेला घ्या. स्टेपनी चढवून झाली की त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरकडे वळा. फुटण्याआधी आणि नंतरचे काही मैल, कधी काही मिनिटं, त्याने दोघांचा भार एकट्याने उचललेला असतो. वरून साबूत दिसला तरी तो आतून दुखावलेला असू शकतो. पन्नासच्या आत वेग ठेवून पुढचं गाव गाठा, तो टायर रिमवरून उतरवून आतून तपासायला सांगा, आणि दुकानदाराला जराही शंका आली तर दोन टायर विकत घ्या: एक त्याच्या जागी, एक स्टेपनीला.